आपले वस्त्र, आपली ओळख

मंडळी, आठवड्याच्या बाजाराला तुम्ही जातच असाल. पुढच्या खेपेला एक करून पाहा. मीठमिरची घेऊन झाली, पिशवी भरली, की एस.टी. येईपर्यंत पारावर घटकाभर बसा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे न पाहता नुसते त्यांच्या अंगावरचे कपडे पाहा. कोणी धोतर, सदरा आणि डोक्याला पटका अशा थाटात बैलाचे दात तपासत असेल. एखादी म्हातारी इरकली लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढून कांद्याच्या ढिगाशी बसली असेल. तिची सून गोल साडीत असेल, नात पंजाबी पोशाखात असेल आणि नातवाच्या पाठीवर कोणा क्रिकेटपटूचे नाव नि आकडा असेल. माणसे एकाच घरची; पण त्यांच्या कपड्यांमध्ये शंभर वर्षांचे अंतर दिसते.

यांतले कोणी तुमच्याशी एक शब्दही बोललेले नाही. तरी कोण कुठला, काय करतो, त्याला काय आवडते, हे तुम्हाला थोडेफार कळलेच की नाही? आपल्याकडे म्हणच आहे, ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा.’ कपडा माणसाच्या दहापट बोलतो हे खरे. पण तो कोणाच्या मनचे बोलतो? अंगात घालणाऱ्याच्या, की त्याला तो घालायला लावणाऱ्याच्या? आजच्या भाषणात आपल्याला या एका प्रश्नाचा माग काढायचा आहे. राजेरजवाड्यांच्या जरतारी अंगरख्यांचा हा इतिहास नव्हे. तुमच्या-माझ्या आज्या-पणज्यांच्या लुगड्यांचा, आजोबांच्या घोंगडीचा आणि माजघरातल्या गोधडीचा हा इतिहास आहे.

प्रथम थोडे जुन्या काळात जाऊ. धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचे गाव आहे. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून वारकरी मंडळींना ते चांगले ठाऊक आहे. हेच तेर दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ या नावाने समुद्रापलीकडे माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले, ग्रीक भाषेत लिहिलेले एक माहितीपुस्तक आज उपलब्ध आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. दर्यावर्दी व्यापाऱ्यांना कोणत्या बंदरात काय मिळते ते त्यात सांगितले आहे. पैठण आणि तगर या दोन नगरांतून गाड्या भरभरून माल बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात येतो, असे तो लेखक लिहितो. पैठणहून येत ते अकीकाच्या जातीचे खडे. आणि तगरहून येई साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे. म्हणजे पाहा, आपल्या या कोरड्या मुलखातल्या मागांवर विणलेले कापड त्या काळी सातासमुद्रांपार जात होते.

पण त्या पुस्तकात एक गोष्ट नाही. नगरांची नावे आहेत, बंदरांची आहेत, मालाची आहेत. ज्याने ते कापड विणले त्या माणसाचे नाव नाही. पुढे दीड-दोन हजार वर्षे हेच चालले. देवळाच्या शिलालेखात दान देणाऱ्याचे नाव सापडते, पण गाभाऱ्यातल्या मूर्तीच्या अंगावरचे वस्त्र विणणाऱ्याचे नाव क्वचितच.

मग या कारागिराला आपले मन कुठे मोकळे करता आले? तर त्याच्या कामात. आपण लुगडे म्हणतो ते नऊ वार कापड. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याला कात्री लागत नाही, सुई लागत नाही. काठ, पदर आणि मधले अंग एवढाच त्याचा संसार. तरी तेवढ्यात विणकराने केवढा विचार केला आहे! बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचे लुगडे घ्या, ज्याला आपण इरकल म्हणतो. त्याचा पदर लाल रेशमाचा आणि त्यावर पांढरी नक्षी. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा ताणा वेगळा आणि दोन्ही ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडायचे. हे नाजूक काम हातानेच करावे लागते. त्याच भागातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्या बायकांच्या चोळ्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या घाटावर येत राहिला. विदर्भात भंडाऱ्याकडे टसर रेशमाची करवतकाठी साडी विणतात. तिच्या काठाला करवतीचे दाते असतात. येवल्याची पैठणी तर सर्वांना माहीत आहे. तिच्या पदरावरचा मोर किंवा वेल वरून भरलेला नसतो. रंगारंगाच्या धाग्यांच्या छोट्या छोट्या नळ्या वेगवेगळ्या फिरवून तो विणतानाच कापडात उतरवायचा असतो. म्हणून चांगली पैठणी उलटीकडूनही सुलटीसारखीच दिसते.

हे झाले रेशमी वस्त्राचे. आता आपली घोंगडी पाहा. माणदेशातल्या आणि आसपासच्या माळरानांवर धनगर मेंढरे राखतो. लोकर कातरतो, घरची बाई ती कातते आणि सणगर खड्ड्याच्या मागावर बसून तिची घोंगडी विणतो. मग चिंचोक्यांची खळ शिजवून कुंचल्याने घोंगडीला देतात, म्हणजे ती ताठ आणि टणक होते. अस्सल घोंगडीला रंग देत नाहीत. मेंढरू काळे असेल तर घोंगडी काळी, पांढरे असेल तर पांढरी, आणि दोन्ही मिसळून पट्टे. एवढ्याशा वस्तूचे उपयोग तरी किती! पावसात तिची खोळ होते, थंडीत पांघरूण होते, बाजारात बैठक होते आणि देवघरात देवाचे आसन होते. उपयोगाची वस्तू आणि शोभेची वस्तू असे दोन वेगळे कप्पे आपल्या जुन्या माणसांनी केलेच नव्हते.

कारागीर मंडळी बोलली, आणि मोठ्या आवाजात बोलली, ती संतांच्या काळात. तेराव्या-चौदाव्या शतकातली नावे आठवा. नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. ही माणसे देवाशी बोलली ती आपापल्या धंद्याच्या भाषेत. सावता माळ्याला मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला. नामदेवांनी मनाचा गज केला आणि जिभेची कात्री केली. शिंप्याचा गज, शिंप्याची कात्री! नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत, आणि पंजाबात आजही ती गायली जातात. विचार करा, माळ्याला आपला मळा आणि शिंप्याला आपली कात्री देवापुढे मांडावीशी वाटली. आपले काम हलके आहे असे वाटले असते, तर ते सुचले नसते.

येथवर सगळे गोड वाटले असेल. आता या कथेची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर ते इतिहासाशी खोटे बोलणे होईल.

जुन्या काळी माणसाच्या डोक्यावर काय आहे ते पाहून त्याची जात, धंदा आणि मुलूख सांगता येई. ब्राह्मणाची पगडी वेगळी, शेतकऱ्याचे पागोटे वेगळे, शिंदेशाही पगडी वेगळी. लुगडे तेच नऊ वार. पण कोळणीचे नेसणे निराळे, घाटावरच्या पाटलिणीचे निराळे, भटजीच्या घरातले निराळे. यात सोय होती, शोभा होती, विविधताही होती, हे कबूल. पण ती माणसाने आपण होऊन निवडलेली नव्हती. जन्माबरोबर ती अंगावर येई आणि मरेपर्यंत उतरत नसे. गावगाड्याच्या तळाशी ज्यांना ठेवले होते त्यांच्या बाबतीत तर कापड हे कुलूपच होते. लुगडे कुठवर नेसायचे, दागिना कोणत्या धातूचा घालायचा, कोणाच्या दारावरून जाताना पायांतली वहाण हातात घ्यायची, यावर गावाची नजर असे. हे आपल्याकडेच होते असे नाही. त्रावणकोर संस्थानात नाडार समाजाच्या स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे झगडावे लागले. १८५९ साली संस्थानाच्या जाहीरनाम्याने तो हक्क मिळाला. पण वरिष्ठ जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही, ही अट राहिलीच.

म्हणून गेल्या पावणेदोनशे वर्षांत महाराष्ट्रात जी मोठी माणसे झाली, त्यांच्यापैकी अनेकांना कपड्याच्या या कुलपाला हात घालावा लागला. त्यांतले चार-पाच प्रसंग मी आज तुमच्यापुढे ठेवतो. शिक्षकबंधू आणि भगिनींनी ते मुलांना जरूर सांगावेत.

पहिला प्रसंग पुण्यातला. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवायला जाऊ लागल्या. तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. वाटेत लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकीत. त्यावर त्यांनी काय तोड काढली? भांडण नाही, रडणे नाही. बरोबर एक जादा लुगडे ठेवायचे. शाळेत पोचले की मळलेले बदलून स्वच्छ नेसायचे आणि शिकवायला उभे राहायचे. मुलींसमोर शिक्षिका उभी राहील ती स्वच्छ वस्त्रातच, हा त्यांचा बाणा होता. ते दुसरे लुगडे म्हणजे त्यांची ढालच होती असे म्हणा ना.

दुसरा प्रसंग सातासमुद्रांपलीकडचा. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केले, आणि मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे निक्षून सांगितले. फिलाडेल्फियातल्या त्यांच्या कॉलेजात १८८५ साली काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत. एक जपानची, एक सीरियाची आणि एक आपल्या आनंदीबाई. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात, ताठ बसलेल्या. आनंदीबाई साडीत आहेत. त्या काळी परदेशी मुलीने तिथल्यासारखा झगा घातला असता तर कोणी नवल केले नसते. १८८६ साली त्या पदवी घेऊन डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वयाच्या एकविसाव्या वर्षी पुण्यात वारल्या. पण साडी नेसलेली बाई डॉक्टर होऊ शकते, हे ते छायाचित्र आजही सांगते.

तिसरा प्रसंग पुन्हा जोतीरावांचा. १८८८ च्या मार्च महिन्यात पुण्यात इंग्लंडच्या राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी होती. हिऱ्यामोत्यांनी मढलेली बडी मंडळी जमली होती. जोतीराव तिथे गेले ते साध्या शेतकऱ्याच्या वेषात. आणि भाषणाला उभे राहिल्यावर त्यांनी सांगितले, की या जवाहिराने नटलेल्या लोकांवरून या देशाची परीक्षा करू नका. खरा देश खेड्यांत आहे आणि तो उपाशी नि अडाणी आहे. असे शब्द जोतीरावांनी आयुष्यभर लिहिले आणि बोलले. पण त्या दिवशी ते शब्द बोलायच्या आधीच त्यांच्या अंगावरच्या कपड्याने सांगून टाकले होते.

पुढे स्वदेशीचा काळ आला. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला गांधीजींनी सदरा, टोपी सोडून फक्त पंचा नेसायचे ठरवले, कारण देशातल्या गरिबाला अंगभर खादी घेणे परवडत नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. चरखा आणि टकळी घरोघर गेली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापड भरलेली मोटार अडवताना आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा एक तरुण गिरणी कामगार तिच्याखाली चिरडला गेला. त्याचे नाव बाबू गेनू. एका खेडुताच्या पोराने कापडासाठी प्राण दिला, असे म्हटले तर ते अर्धेच खरे. कापड कोणते घ्यायचे ते आमचे आम्ही ठरवू, या एका गोष्टीसाठी त्याने प्राण दिला.

आणि आता महाडचा प्रसंग. माझ्या मते या साऱ्या इतिहासात याच्या तोडीचा दुसरा नाही. १९२७ च्या मार्चमध्ये डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली. तिला आलेल्या स्त्रियांसमोर बाबासाहेब स्वतंत्रपणे बोलले. विषय कोणता? लुगडे कसे नेसायचे! तुमची नेसण्याची तऱ्हा आणि तुमच्या अंगावरचे ते कथलाचे, चांदीचे जड दागिने म्हणजे तुमच्यावर मारलेला अस्पृश्यतेचा शिक्का आहे, असे त्यांनी सांगितले. लुगडे अंगभर, नीटनेटके नेसा. फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असू द्या. नको ते दागिने उतरवा. आणि मुलींना शिकवा. दुसऱ्याच दिवशी कितीतरी जणी नव्या पद्धतीने लुगडे नेसून घरी निघाल्या, असे चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे.

तुम्ही म्हणाल, नेसण्यात दोन वितींचा काय तो फरक. त्याने काय होते? मंडळी, फरक दोन वितींचाच होता. पण गावाच्या वेशीत शिरताना ती बाई कोण हे ज्या खुणेवरून ओळखले जाई, ती खूण तिने स्वतःच्या हाताने पुसली. गावातले लोक काय म्हणतील, उद्या मजुरीला बोलावतील की नाही, हे भय तिला नव्हते काय? होते. तरी तिने ते केले. लुगडे तेच, बाई तीच. निवड मात्र तिची स्वतःची होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी केले. बाबासाहेबांनी स्वतः उत्तम सूट घातला आणि आपल्या माणसांना अंगभर, नेटके नेसायला सांगितले. वर वर पाहता दोन्ही गोष्टी उलट दिसतात. पण ज्याच्याजवळ कपडे होते त्याने ते उतरवण्यात अर्थ होता, आणि ज्यांना अंगभर कपडा नाकारला होता त्यांनी तो अंगावर घेण्यात अर्थ होता. याच काळात विदर्भातून निघालेला आणखी एक महापुरुष गावोगाव फिरत होता. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हातात खराटा आणि फुटके गाडगे. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवा म्हणत. ते गाडगेबाबा. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, हा त्यांचा क्रम १९५६ साली देह ठेवीपर्यंत चालला. त्यांचीही ती चिंध्यांची गोधडी त्यांनी स्वतः पत्करलेली होती.

गोधडीचे नाव निघालेच आहे, तर आता घरात येऊ. कारण थोरामोठ्यांचे प्रसंग ऐकून आपल्याला वाटते, हे आपल्या आवाक्यातले नव्हे. कोल्हापूर-सांगलीकडे जिला वाकळ म्हणतात ती गोधडी घ्या. जुनी लुगडी, धोतरे, पोरांची झबली, बापाचा विरलेला सदरा, यांतले काही टाकायचे नाही. उन्हाळ्यात शेतीची कामे सरली, की दुपारी ओसरीवर कापडाचे थर अंथरायचे. वरचा थर निगुतीने लावायचा. लालाशेजारी हिरवा, खणाचा तुकडा मधोमध. मग शेजारपाजारच्या दोघी-तिघी बसतात आणि कडेने सुरू झालेला धावदोरा चौकोनात चौकोन करीत मध्याला येतो. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग बसवायचा, हे त्या बाईला कोणी शिकवले होते? शाळेत ती गेली नव्हती. घरात तिचे मत कोणी विचारीत नव्हते. शेत कोणते पेरायचे, पोरगी कोणाला द्यायची, यांत तिला वाव नव्हता. पण गोधडीच्या त्या चार हात कापडात मालकी तिची होती. दोन बायकांच्या दोन गोधड्या कधी सारख्या होत नाहीत. आईच्या लुगड्याची ऊब असे आपण म्हणतो, ते उगीच नाही.

दारापुढची रांगोळी, चुलीच्या भिंतीवर पोतेऱ्याने काढलेले पट्टे, बैलपोळ्याला रंगवलेली शिंगे, रुखवतात मांडलेल्या वस्तू, लमाण बायकांच्या कांचळीवरचे आरसे आणि कवड्या, हे सारे त्याच जातीचे. पालघर, डहाणूकडच्या वारली बायका लग्नात तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत आल्या. ती चित्रे लग्नापुरती असत. पुढे भिंत सारवली की गेली. १९७० नंतर जिव्या सोमा मशे या वारली चित्रकाराने तीच चित्रे कागदावर आणि कापडावर काढायला सुरुवात केली. जगभर त्यांची प्रदर्शने झाली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. पण त्यांच्या मागे शेकडो वर्षे भिंती लिहिणाऱ्या ज्या बायका उभ्या आहेत, त्यांची नावे आपल्याला कुठे ठाऊक आहेत?

आता यंत्राविषयी बोलले पाहिजे. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. यंत्राने हातमागाच्या तोंडचा घास काढला, विणकरांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या, हे खरे आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या बाईजवळ एकच लुगडे होते, आणि अंघोळ करताना अर्धे नेसून अर्धे वाळवावे लागे, तिला दुसरे लुगडे मिळाले ते गिरणीच्या स्वस्त कापडामुळे. जुने ते सगळे सोने, असे म्हणणाऱ्याने त्या एका लुगड्याची आठवण ठेवावी. यंत्राला नावे ठेवून आपले भागणार नाही.

भीती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. पूर्वी जात सांगत असे, तू हे घाल. आता बाजार सांगतो, तू हे घाल. पडद्यावर जे दिसले तेच गावच्या दुकानात टांगलेले असते आणि शंभर पोरांच्या अंगावर तेच छाप. ज्याला ते परवडत नाही त्या पोराची मान वर्गात खाली जाते. हे आपल्या शिक्षकांनी पाहिले असेल. गावाचा धाक गेला हे फार बरे झाले. पण त्याच्या जागी दुकानाचा धाक आला असेल, तर महाडच्या त्या बायकांनी मिळवलेली गोष्ट आपण हातची घालवली असे होईल.

आणि कारागिराचे नाव? कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ठरावीक जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच ते नाव लावता येते. पुढे २०२५ साली इटलीतल्या एका नामांकित घराण्याने मिलान शहरातल्या प्रदर्शनात हुबेहूब तशाच चपला मांडल्या, पण कोल्हापूरचे नाव काढले नाही. आपल्याकडे गदारोळ झाला, तेव्हा कुठे त्यांनी ही प्रेरणा भारतीय कारागिरांची आहे, असे मान्य केले. मघाशी सांगितलेले तगरचे कापड आठवते ना? दोन हजार वर्षांपूर्वी माल गेला आणि नाव मागे राहिले. या वेळी निदान नावासाठी आवाज उठला.

आता शेवटी करायचे काय, ते सांगतो. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताने काम करता करता शिकायचे, असा तिचा गाभा होता. पुष्कळ शाळांत टकळ्या आल्या. पण पुढे कित्येक ठिकाणी टकळी फिरवणे हा नुसता एक तास होऊन बसला आणि त्यातला जीव गेला. आपल्या शाळांतल्या कार्यानुभवाच्या तासाचे तसे होऊ देऊ नका. बाजारातून आणलेल्या कागदाची एकसारखी तीस फुले करून घेण्याने काय साधते? त्यापेक्षा मुलांना सांगा, घरातली सर्वांत जुनी गोधडी पाहा. आजीजवळ बसा आणि विचारा, हा तुकडा कोणाच्या लुगड्याचा? हा कोणाच्या सदऱ्याचा? कोणी शिवली, कोणत्या साली शिवली, तेव्हा घरात काय घडले होते? ते वहीत लिहून काढा. आणि वर ज्या बाईने ती शिवली तिचे नाव घाला. गावात कोणी सणगर, बुरूड, कुंभार, शिंपी, चर्मकार अजून काम करीत असेल तर त्याला एक दिवस शाळेत बोलवा, मानाने खुर्ची द्या, आणि त्याच्या हातचे काम मुलांना करून पाहू द्या. तीस मुलांनी तीस तऱ्हांचे काम केले, तर तो तास चांगला झाला असे समजा.

घरच्या मंडळींनाही एवढेच सांगणे. लेकराने शर्टाच्या फाटक्या बाहीला दुसऱ्या रंगाचे ठिगळ लावले, तर हसू नका. सुनेने लग्नातली साडी वेगळ्या तऱ्हेने नेसली, तर चार बायकांत तिला बोलू नका. मुलीला सायकलवर शाळेत जाताना जो पोशाख सोयीचा वाटतो तो घालू द्या. तुम्ही आवडीने पटका बांधत असाल, तर लोक जुनाट म्हणतील म्हणून तो सोडू नका. कपडा साधा असो, फाटका असो, घरी शिवलेला असो. तो धुतलेला असावा, आणि आपल्या मनाने घातलेला असावा.

पुढच्या बाजाराला पारावर बसाल, तेव्हा कांद्याच्या ढिगाशी बसलेल्या त्या म्हातारीकडे पुन्हा एकदा पाहा. आणि जमले तर तिच्याजवळ जाऊन विचारा, “आजी, लुगडं कुठलं हो हे? कोणी घेतलं?” ती सांगेल. बहुतेक बरीच लांबलचक हकिगत सांगेल. एस.टी. चुकली तरी चालेल, पण ती पुरती ऐकून या.